असा परिवार आहे

आमच्या दादाला ऑफिसात सगळे ‘पश्चात’ म्हणत. तोंडावर नाही, पण माझ्याकडे लाइन मागताना बिनधास्त म्हणत. ‘जरा पश्चातला जोडून दे गं.’ मी त्याची सख्खी बहीण आहे हे माहीत असूनही म्हणत आणि मीही मुकाट्यानं जोडून देत असे, कारण नाव काही चुकीचं नव्हतं. आमच्या वर्तमानपत्रात गेलेल्या माणसांवर लिहायचं काम दादाकडे होतं. त्या मजकुराचा शेवट ठरलेला असतो. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे. हे वाक्य दादानं इतक्यांदा लिहिलं होतं की घरी भाजीची पिशवी रिकामी करतानासुद्धा तो त्याच चालीवर कांदे, बटाटे, अर्धा कोबी असा परिवार आहे म्हणायचा. त्याच्या विनोदाची झेप एवढीच.

मी त्याच ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसते. समोर काचेची भिंत, काचेपलीकडे दादाचं टेबल. त्यामुळे बहिणीला भावाबद्दल जितकं कळायला हवं त्यापेक्षा पुष्कळ जास्त मला कळत आलं. घरही एकच. त्यानं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही.

दादा घाबरट. हे मी प्रेमानं किंवा रागानं सांगत नाही, जसं कोणाचे डोळे घारे असतात तसा तो घाबरट आहे. लिफ्टमध्ये चढत नाही. गॅस बंद केला की बटणावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहतो, मग खाली रस्त्यावर गेल्यावर परत वर येतो. फोन वाजला की त्याचे खांदे वर जातात. आणि अशा माणसाला नोकरी कुठली मिळावी, तर जिथं फोन वाजला म्हणजे कोणीतरी गेलंच समजायचं. मी काचेतून बघायची. मी लाइन जोडली की त्याच्या टेबलावर घंटा वाजायची, तो आधी फोनकडे नुसता बघायचा, मग पँटला हात पुसून उचलायचा. रोज. इतकी वर्षं.

नावाजलेलं माणूस म्हातारं झालं किंवा अंथरुणाला खिळलं की त्याच्यावरचा लेख आधीच लिहून ठेवायचा ही सगळ्याच वर्तमानपत्रांची रीत असते. ऐनवेळी कोण माहिती गोळा करत फिरणार? माणूस हिंडतंफिरतं असताना त्याचं जन्मगाव, शिक्षण, मानसन्मान, सगळं भूतकाळात लिहून ठेवायचं. वय आणि वार तेवढे मोकळे सोडायचे. हे लेख ज्या लोखंडी कपाटात ठेवतात त्याला आमच्याकडे फ्रीज म्हणतात. किल्ली दादाकडे असे.

नोकरीला लागल्यावर त्यानं फ्रीजसाठी पहिला लेख लिहिला तो एका पोहण्याच्या प्रशिक्षकावर. चांगला धडधाकट म्हातारा, नुसता पाय मुरगळला होता. पण साहेबांना, म्हणजे आमच्या संपादकांना, घाई फार. दादानं लेख अगदी ‘असा परिवार आहे’पर्यंत पुरा करून कपाटात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो प्रशिक्षक चहा पिता पिता गेला. योगायोग म्हणून सोडून दिलं. मग एका कापडाच्या गिरणीच्या मालकीणबाईंवर लिहिलं. त्याही आठवडाभरात गेल्या. त्यानंतर दादा दोन दिवस जेवला नाही. त्याचं म्हणणं, बाकी मजकुरात काही नाही, तो शब्द माणसाला ओढून नेतो. पश्चात. तो शब्द लिहिला की माणूस मागे राहिलेल्यांतून वजा होतो.

तेव्हापासून त्यानं फ्रीजमधल्या एकाही लेखाची शेवटची ओळ आधी लिहिली नाही. माणूस खरंच गेल्याचा फोन आला की मगच ती ओळ लिहायची. ऑफिसात हे सगळ्यांना कळलं. जाहिरात विभागातला एक जाड्या तर अधूनमधून त्याच्या टेबलाशी येऊन सासूबाईंवर एक लेख लिहून दे म्हणायचा, अगदी शेवटच्या ओळीसकट, मी पेढे देतो. सगळे हसायचे. दादाही हसायचा, पण तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडलेला मला काचेतून दिसायचा.

आता त्याच्या लिहिण्याविषयी सांगते, कारण सगळं त्यातूनच झालं. दादाला लिहिणं कधी सहज जमलंच नाही. चार ओळींची बातमी असली तरी कोरा कागद पुढे ओढला की त्याचे हात गार पडायचे. एका माणसाचं अख्खं आयुष्य आपल्या हातून चुकीचं लिहिलं जाईल, त्याच्या घरचे उद्या वाचतील, ही भीती. वरून पान लावणारे ओरडायचे, मजकूर कुठाय, मजकूर कुठाय. मग तो खण उघडायचा, लहानसा टेपरेकॉर्डर काढायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि एकच गाणं ऐकायचा.

ते गाणं एका जुन्या गायिकेचं. आमच्या आईच्या तरुणपणी त्या फार गाजलेल्या. बाई म्हणूनच सगळे त्यांना ओळखायचे. गाणं म्हणजे रडगाणं. कोणीतरी येणार म्हणून एक बाई ताटं मांडून बसली आहे आणि ते माणूस येत नाही, एवढंच. संथ चाल, साथीला एक व्हायोलिन. दुसऱ्या कडव्यात शेवटच्या ओळीच्या आधी बाई एकदम थांबतात. व्हायोलिन एकटंच पुढे जातं, अगदी छातीत कळ यावी इतका वेळ. मग बाई ती ओळ गातात, पण आधीपेक्षा कितीतरी खालच्या आवाजात. हा हुंदका त्यांनी गिळला असं जो तो म्हणायचा. रेडिओवर त्या जागेबद्दल बोललं जायचं. दादा ती जागा आली की डोळे मिटायचा, आणि ती जागा गेली की पेन उचलायचा. मग मजकूर यायचा. चांगला यायचा. लोक कात्रणं जपून ठेवत.

मला या प्रकाराचा वैताग यायचा. दिवसभर मेलेल्या माणसांत बसायचं आणि विरंगुळा म्हणून रडगाणी ऐकायची. मी एकदा त्याला म्हटलंच की जरा टाळ्याबिळ्यांचं काहीतरी ऐक, जीव रमेल.

“आनंदाचं गाणं लागलं ना, की वाटतं सगळे पुढे निघून गेले, मीच मागे राहिलो,” तो म्हणाला. “हे लागलं की वाटतं कोणीतरी शेजारी येऊन बसलंय. तेही घाबरलंय. मग मला जरा कमी भीती वाटते.”

मी ताट वाढलं.

आणि मग एका सकाळी साहेबांनी दादाला आत बोलावलं. बाईंचं हृदय थकलंय, डॉक्टरांनी फारशी आशा दिलेली नाही, लेख तयार करून ठेवा. पूर्ण पान देणार आहोत.

दादा बाहेर आला तो जिन्याच्या कठड्याला धरून उभाच राहिला. त्यानं टेबलाशी जाऊन टेपरेकॉर्डर काढला, हेडफोन कानाला लावला आणि लगेच काढून ठेवला. संध्याकाळी घरी जाताना मी विचारलं तर म्हणाला, आता ऐकवत नाही. आवाज सुरू झाला की वाटतं, ही बाई गेलेली आहे आणि आपण मागाहून ऐकतोय. आणि ऐकल्याशिवाय लिहायचं कसं, ते त्याला येत नव्हतं.

पुढे जे दिवस आले ते कोणावर येऊ नयेत. दादाचं लिहिणं बंदच पडलं. बाईंवरचं तर सोडाच, रोजच्या चार ओळींची माणसंसुद्धा अडली. एक शाळामास्तर गेले, एक मिठाईवाले गेले, त्यांच्या मुलांचे मला फोन, आमच्या वडिलांचं आज पण आलं नाही. मी कानाला बोर्डाचा हेडफोन लावून त्यांना काहीबाही सांगायची आणि समोर काचेत बघायची. दादा पेनाचं टोपण काढायचा, लावायचा. घरी आला की अंथरुणावर बसून राहायचा, झोपायचा नाही, म्हणायचा छातीत धडधडतंय. गॅसचं बटण बघायला तो आता तीन-तीनदा वर यायचा. मला पहिल्यांदाच त्याच्यासाठी भीती वाटायला लागली. आमच्या वडिलांनी असंच एकदा काम सोडून खिडकीत बसणं धरलं होतं, आणि ते मग तिथून उठलेच नाहीत.

साहेबांनी शेवटी निर्वाणीचं सांगितलं. या आठवड्यात लेख आला नाही तर खेळाचं पान बघणारा लिहील, आणि तुम्ही जाहिरातींच्या खिडकीवर बसा.

खेळाचं पान बघणारा म्हणजे एक नंबरचा उरकू माणूस. तो लेख तासाभरात लिहिणार, आणि पार शेवटच्या ओळीसकट. दादाला खिडकीची धास्ती नव्हती, त्या ओळीची होती. तो मला म्हणाला की हा खेळवाला सगळं लिहून टाकेल गं, आणि बाई जातील. मी म्हटलं, मग आधी तू लिही आणि ओळ सोड. तो म्हणाला, येत नाही. मी म्हटलं, मग जाऊन त्यांना बघून ये. जिवंत माणूस समोर दिसलं तर ते मेल्याची भीती जरा तरी कमी होईल. ही अक्कल मी पाजळली खरी, पण दार वाजवायला तो एकटा जाणार नाही हे मला माहीत होतं. मी रजा टाकली.

वाढदिवसानिमित्त लेख करतोय असं सांगायचं ठरलं. हाही धंद्यातला ठरलेला डाव, तोंडावर कोण सांगणार कशासाठी आलोय ते.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. लिफ्ट होती, पण दादामुळे आम्ही जिन्यानं गेलो. प्रत्येक मजल्यावर तो थांबायचा, दम लागला म्हणून नव्हे. दार त्यांच्या भाचीनं उघडलं. पन्नाशीची, दातांच्या दवाखान्यात कामाला असलेली, पांढरा कोट अजून अंगात. तिनं आम्हाला आधीच बजावलं की मावशीला जास्त बोलायला लावू नका.

बाई खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या. पाय सुजलेले, स्टुलावर ठेवलेले. मांडीवर ताट, ताटात मटार, आणि शेजारी रेडिओ हवामानाचा अंदाज सांगत होता. त्या शेंगा सोलत होत्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई इतकी लहानशी असेल असं मला वाटलं नव्हतं. दादानं वाढदिवसाचं सुरू केलं.

“वाढदिवस होऊन गेला माझा,” बाई म्हणाल्या. “भरपूर झाले. आता खरं सांगा, कशाला आलात?”

दादा रुमालानं मान पुसत राहिला. मला असली कुतरओढ बघवत नाही. मी सरळ सांगून टाकलं की तुमच्यावरचा लेख लिहून ठेवायचाय, नंतर छापायला, आणि याला तो लिहवत नाहीये. भाचीनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता जिन्याची वाट धरावी लागते. पण बाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ढास लागली आणि दादा खुर्चीतून अर्धा उठला.

“बस रे,” त्या म्हणाल्या, ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येत. “काय लिहिलंयस, वाच.”

त्यानं खिशातून कागद काढला. अर्धं पान भरलं होतं, तेही खाडाखोडीचं. तो वाचू लागला. जन्म, घरची गरिबी, पहिलं गाणं. मग त्या जागेबद्दल होतं. दुसऱ्या कडव्यातल्या त्या शांततेत बाईंनी एका अख्ख्या पिढीचा हुंदका गिळला होता, असं काहीसं. चांगलं वाक्य होतं, मलाही आवडलं.

“ते काढ,” बाई म्हणाल्या. “मी शब्द विसरले होते.”

बाईंनी एक शेंग सोलली आणि मग सांगितलं. त्या काळी ध्वनिमुद्रण एका दमात व्हायचं. काचेमागच्या माणसानं आधीच दम भरला होता की आजच्यापुरती एवढीच फीत उरलीय, चुकलात तर उद्या दुसरी गायिका येईल. घरी भाऊ आजारी, गाण्यावर घर चाललेलं. दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ आली आणि डोक्यात काही नाही. पुसून टाकल्यासारखं. एक शब्दसुद्धा नाही. त्यांनी समोरचं स्टँड धरलं.

“हुंदका कसला,” त्या म्हणाल्या. “इतकी भीती मला नंतर कधी वाटली नाही. आत्ता या दुखण्यातसुद्धा नाही.”

मला वाटलं, झालं. इतकी वर्षं ज्या जागेच्या आधारानं हा माणूस जगला ती जागा म्हणजे नुसती चूक. मी दादाकडे बघायचं टाळलं. आता हा मोडून पडणार आणि त्याला मीच इथं घेऊन आले.

पण दादा पुढे सरकून बसला होता. त्यानं विचारलं, “मग शब्द आले कसे?”

“नाही आले. व्हायोलिनवाल्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं माझं काय झालंय ते. तो थांबला नाही, वाजवत राहिला, आणि मान हलवली. नुसती. मी आपलं तोंड उघडलं. तोंड उघडल्यावर एकेक शब्द आला.” त्यांनी मटारचा दाणा तोंडात टाकला. “आवाज खाली गेला तो थरथरत होता म्हणून. लोक रडले. मी काय सांगत बसू?”

दादानं कागद गुडघ्यावर ठेवला. मग एखाद्या लहान मुलासारखा म्हणाला की मलाही असंच होतं बाई, रोज, कागदासमोर. आणि त्यानं त्यांना सगळं सांगून टाकलं, खणातला टेपरेकॉर्डर, ती जागा आली की मिटलेले डोळे, शेजारी येऊन बसलेलं कोणीतरी. मी त्याला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं. भाची दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. बाईंनी शेंगा सोलणं थांबवलं होतं.

“म्हणजे तुला बरोबर ऐकू आलं,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांना नाही.”

मग त्यांनी हात पुढे करून कागद मागितला, डोळ्यांजवळ धरून खालपर्यंत बघितला आणि विचारलं की शेवट कुठाय. असल्या लेखांना शेवट असतो, मी पेपर वाचते. दादानं माझ्याकडे बघितलं. मी काही त्याच्या मदतीला गेले नाही. शेवटी त्यानं तेही सांगितलं, पोहण्याचे प्रशिक्षक, गिरणीच्या मालकीणबाई, तो शब्द.

मला वाटलं त्या पुन्हा हसतील. त्या हसल्या नाहीत.

“लिही,” त्या म्हणाल्या. “इथं बसून लिही. मी समोर आहे. बघू या मरते का.”

दादा नको म्हणाला. भाची म्हणाली, मावशी हे काय चाललंय. मी म्हटलं, बाई, राहू द्या. म्हणजे बघा, मी, जी मांजर आडवं गेलं तर मांजराला हाकलून पुढे जाते, ती राहू द्या म्हणाले. बाईंनी कोणाचंच ऐकलं नाही. पेन उघड म्हणाल्या. त्यानं उघडलं. टोपण हातातून निसटून खुर्चीखाली गेलं, ते कोणी उचललं नाही.

“त्यांच्या पश्चात,” बाईंनी सांगायला सुरुवात केली.

दादानं तो शब्द लिहिला. मला अजून त्याचा हात दिसतो. एकेक अक्षर तो असा काढत होता की जणू काच फुटेल. रेडिओवर पावसाची शक्यता नाही असं सांगत होते.

“त्यांच्या पश्चात एक भाची,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांना दुसरं कोणी नव्हतं. भाऊ कधीच गेलेला, लग्न नाही. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग दादाकडे. “एक भाची आणि एक घाबरट असा परिवार आहे. लिही.”

त्यानं लिहिलं. पूर्णविराम दिला. आणि त्याच क्षणी बाईंना ठसका लागला.

साधा ठसका नव्हता तो. चेहरा लाल झाला, मग निळसर व्हायला लागला, मांडीवरचं ताट उलटलं, मटार सगळीकडे. भाची पाणी आणायला धावली. मी पाठीवर हात फिरवत होते आणि हाताखाली त्यांची हाडं लागत होती, आणि मला देवाशपथ वाटलं की दादा म्हणतो ते खरंच आहे, आम्ही या बाईला घरात घुसून मारलं. दादानं कागद दोन्ही हातांत घेतला होता फाडायला. बाईंनी खोकता खोकता त्याचं मनगट धरलं. घट्ट धरलं. मग कधीतरी तो दाणा निघाला.

“मटार,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “कच्चा मटार खाऊ नये असं ही रोज सांगते.”

भाची रडायला लागली. मीही. दादा मात्र तसाच बसून राहिला, मनगट त्यांच्या हातात देऊन. घरी येताना तो जिन्यावर एकदाही थांबला नाही, पण रस्ताभर दर कोपऱ्याला म्हणत होता, घरी पोचलो की फोन करून बघू या का.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावरचा दिवा लागला. मी नेहमीसारखं वर्तमानपत्राचं नाव सांगितलं.

“त्या घाबरटाला सांग,” पलीकडून आवाज, “आहे अजून.”

आणि फोन ठेवला. मी काचेवर टकटक केली आणि दादाला मान हलवून सांगितलं. त्यानं खणातून हेडफोन काढला.

मग हे रोजचंच झालं. सकाळी बोर्ड सुरू केला की पहिला फोन बहुतेक तोच. आहे अजून. कधी आज पाय जास्त सुजलेत, पण आहे. कधी भाची लावून द्यायची आणि बाई नुसत्या हुंकार द्यायच्या. मी मान हलवायची, दादा पेन उचलायचा. अडलेले मास्तर छापून आले, मिठाईवाले आले. तो ते गाणं पुन्हा ऐकायला लागला. त्या जागेला आता तो डोळे मिटायचा नाही, उघडे ठेवून काचेतून माझ्याकडे बघायचा. बाईंचं पान त्यानं पुरं केलं, शब्द विसरल्याची गोष्ट घालून, त्यांना फोनवर वाचून दाखवून, आणि फ्रीजमध्ये ठेवलं. शेवटच्या ओळीसकट.

तो निर्धास्त झाला असं मात्र समजू नका. उलट. आधी तो शब्द कपाटाबाहेर होता, आता आत होता. सकाळी तो माझ्याआधी तयार होऊन दारात उभा राहायचा. ऑफिसात गेल्यावर फोन येईपर्यंत कोट काढायचा नाही. माझंही तेच झालं. दिवा लागेपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरायचा नाही, आणि लागला की हात लावायची भीती वाटायची, आवाज दुसऱ्याच कोणाचा निघाला तर.

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी फोन आला नाही.

दिवे लागत होते, पण भलतेच. जाहिरातीचे, तक्रारींचे, कोणाला खेळाचं पान हवं होतं. दादा उठून बोर्डाशी आला. तो कधी इथं येत नाही, बायका बसतात म्हणून संकोचतो. कोट घातलेलाच होता. मी विचारलं, लावू का त्यांच्या घरी? तो नको म्हणाला. झोपल्या असतील. दवाखान्यात तपासणीला गेल्या असतील. भाचीची सकाळची पाळी असेल. तो कारणं सांगत गेला आणि मी हो हो करत गेले. मग तो परत जाऊन बसला, हेडफोन लावला, आणि समोर पडलेल्या कोणा निवृत्त स्टेशनमास्तरांवर लिहायला लागला. लिहीत राहिला. पेन एकदाही थांबलं नाही.

जेवणाच्या सुट्टीआधी भाचीचा फोन आला. ती काय बोलली ते सांगत नाही, सगळे जे बोलतात तेच. झोपेतच, म्हणाली. मी दादाला लाइन जोडली. घंटा वाजली. त्यानं हात पुसले नाहीत, लगेच उचलला.

दुपारी त्यानं फ्रीज उघडून पान काढलं, वय भरलं, वार भरला आणि साहेबांकडे नेलं. साहेबांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते वाचत गेले, मान डोलावत गेले, आणि शेवटी लाल पेन्सिल उचलली. हे काय, म्हणाले, हे वर्तमानपत्र आहे. एक भाची ठेवा, पुढचं उडवा. पेन्सिल कागदाला टेकली आणि दादानं त्या ओळीवर आपला हात ठेवला. मी बोर्डावर दोन दिवे पेटलेले सोडून बघत होते. हा माणूस आयुष्यात कधी बसच्या कंडक्टरशी भांडला नव्हता.

“ते त्यांनी स्वतः सांगितलंय, साहेब.”

“अहो, पण हा घाबरट कोण?”

“मी,” दादा म्हणाला. हात तसाच होता आणि थरथरत होता. साहेबांनी त्या हाताकडे बघितलं, मग पेन्सिल बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी पान आलं. आम्ही दोघं ऑफिसला चालत गेलो. दादानं कोट काढला नाही. सवयीनं काढला नसेल. मी बोर्ड सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून बसले. ती वेळ आली. आता कोणी फोन करणार नाही हे मला कळत होतं, तरी मी दिव्यांकडे बघत होते, आणि काचेपलीकडे तोही बघत होता.

आणि दिवा लागला.

मी हेडफोन सावरून वर्तमानपत्राचं नाव सांगितलं. पलीकडे एक अनोळखी पुरुषाचा आवाज, वयस्कर, चाचरत बोलणारा. कुठल्याशा कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होतो म्हणाला. एकटा बसायचो, भीती वाटायची, तेव्हा ते गाणं लावायचो. आज पेपरात शेवटी जे छापलंय, एक घाबरट म्हणून, ते वाचलं.

“तो मी,” तो म्हणाला. “पण तुम्हाला माझ्याबद्दल सांगितलं कोणी?”

बोर्डावर दुसरा दिवा लागला, मग त्याच्या शेजारचा. मी काचेवर टकटक केली. दादाचे खांदे वर गेले.

“फोन आहे रे तुझा,” मी म्हटलं. “घरचा.”